काकाजींची नाव आणि अंगणातली बुरशी

उभ्या वर्धा जिल्ह्यात आमच्या घरमालकांइतका बुरशीचा वैरी सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकी मन लावून तिची मशागत करणाराही दुसरा नाही. बोरगाव मेघेतली आमची सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणते. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत जन्म गेलेला माणूस. धरणांचे कागद हाताळले, पाण्यात पाय मात्र बुडवला नाही. कुठल्याशा तलावावरचा नौकाविहार तलावच आटल्यामुळे बंद पडला, तेव्हा तिथली फायबरची एक नाव यांनी लिलावात घेतली आणि ट्रॅक्टरवर घालून घरी आणली. बैठकांच्या गाद्या, नारिंगी जाकिटं, सगळ्यासकट. ती धरणात सोडायची परवानगी काही मिळाली नाही. तेव्हापासून नाव अंगणात विटांवर बसून आहे. तिला ऊन लागू नये, धूळ बसू नये, मांजरानं आत पिल्लं घालू नयेत म्हणून काकाजी तिला ताडपत्रीत अशी आवळून बांधत, की आत वारा जाईल तर शपथ! ओल आतच कोंडायची. श्रावण लागला की गाद्यांवर काळे ठिपके, जाकिटांवर पांढरी लव, आणि लुंगी खोचून काकाजी लढाईला उभे.

माझी त्यांची गाठ पडली ती मी रिकामा असताना. मी रत्नागिरीकडचा. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. रंगकामाच्या ठेकेदाराबरोबर इथवर आलो; काम संपलं, ठेकेदार पुढं गेला, मी मागं उरलो. खोली विचारायला काकाजींच्या फाटकाशी उभा राहिलो, तर त्यांनी आधी गाव विचारलं.

"रत्नागिरी? म्हंजे समुद्रावरचा! मंग तुले नावेचं सारं मालूम असन."

"नाही हो काकाजी, आमचं घर डोंगरात. मी आंब्याच्या बागेत होतो. होडीत बसलं की मला मळमळतं."

"पाह्यलं? खरा जानकार आपल्या तोंडानं सांगत नाई," ते दारात आलेल्या आपल्या बायकोला, काकूंना म्हणाले. "खोली उघडून दे याले."

अशी मला खोली मिळाली, काकूंच्या हातचं जेवण मिळालं, आणि नावेची बुरशी गळ्यात पडली. आईला फोनवर सांगितलं, नाव सांभाळायचं काम लागलंय. ती म्हणाली, "वर्ध्याला समुद्र कधी आला?"

उपाय तर विचारू नका. काकाजींनी चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगार आणलं, काकू म्हणाल्या, "नावेले मंचुरियनचा वास येऊन राह्यला जी." त्यांनी कडुनिंबाचा धूर केला, शेजारचे खोकत गच्चीवर गेले. मला गाद्यांवर लिंबं चोळायला लावली. ती बहुतेक मुंग्यांनी आपसांत वाटून घेतली. मी सकाळपासून ब्रशनं घासायचो, संध्याकाळी खांदे वर होत नसत. आणि एवढं झाल्यावर काकाजी ओल्या नावेवर पुन्हा ताडपत्री ओढून गाठी मारत.

"काकाजी, जराशी उघडी राहू द्या ना."

"उघडी? अन् दव पडलं मंग? तू बी काय बोलून राह्यला!"

थोड्या दिवसांत ठिपके परत. मी थकून जायचो, पण ठिपके दिसले की मनातून हायसंही वाटायचं. बुरशी होती म्हणून मी होतो. ती गेली तर या परक्या मुलखात मला कोण कशासाठी ठेवणार?

दुसऱ्याच्या घरची ओल मात्र काकाजींना फाटकातूनच कळे. पुतण्यासाठी पुलगावला मुलगी पाहायला गेले, मलाही बरोबर घेतलं. पोहे यायच्या आधीच काकाजी वाकून सोफ्याच्या पाठीला नाक लावून बसले. मुलीच्या वडिलांना वाटलं, चक्कर आली. काकाजी सरळ होत म्हणाले, "भाऊ, या खोलीच्या खिडक्या उघडत जा. हवा नसली का बुरशी येते." सगळे एकमेकांकडे बघू लागले. मुलगी तेवढी पदराआड हसली. परतताना बसमध्ये मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. त्यांना काही उमगलं नाही. ते पुढच्या सीटचं रेक्झिन हुंगत होते.

दिवाळीला काकाजी आणि काकू आपल्या लेकीकडे निघाले. रिक्षात बसता बसता काकू हळूच म्हणाल्या, "ते नाई तोवर ताडपत्री काढून टाक. नावेले मोकळा श्वास घेऊ दे बापा. आल्यावर त्यायले मी पाहून घेईन."

ताडपत्रीच्या गाठी सोडताना आपल्याच खोलीचं छप्पर उतरवतोय असं वाटत होतं. पण काकूंचा शब्द कसा मोडायचा? साबणाच्या पाण्यानं सगळं धुतलं, गाद्या उन्हात उभ्या केल्या, जाकिटं दोरीवर टांगली, बैठकांखालच्या कप्प्यांची झाकणं उघडी ठेवली. विदर्भातलं ऊन, त्यानं कोपरान् कोपरा वाळवला.

काकाजी आले ते पिशवी हातात तशीच घेऊन नावेत चढले. गाद्या हुंगल्या, जाकिटं हुंगली, कप्प्यांत डोकं घातलं. मग बैठकीवर बसून राहिले.

"गेली?"

"गेली, काकाजी."

गादीवरून त्यांनी एकदा हात फिरवला. मग त्यांची नजर माझ्या दाराशी गेली. तिथं माझी बॅग भरून ठेवलेली होती.

"हे काऊन?"

"काम संपलं ना आता."

ते उतरले, माझ्या खोलीत गेले आणि भिंतीला नाक लावलं. "मागचा भाडेकरू गेल्यावर हे खोली बंद होती. सारी भित हिरवी झालती. मानूस राह्यला तवा कुठं वाळली. तू गेला तं हिले कोन पाह्यन?" बॅग त्यांनी पायानंच आत सारली. "काम शोध बाहेर, मी कुठं नाई म्हन्तो? पन राह्यजो इथंच. अन् खिडकी उघडी ठेवत जाजो."

आता मी वर्ध्यात रंगकामाला जातो. नावेवर ताडपत्री नुसती छपरासारखी टांगलेली असते, खालून वारा खेळतो. काकाजींचं नाक थकलंय. संध्याकाळी ते मलाच विचारतात, "येते का रे वास?" मी नाही म्हटलं की जरा हिरमुसतात, आणि आत जातात.

दिवसभर लोकांच्या भिंती रंगवून अंग आंबलेलं असतं. उन्हाळ्यात खिडकीतून लूची झळ आत येते, चादरीवर धूळ बसते, डोळ्याला डोळा लागत नाही. तरी मी खिडकी कधी लावून घेत नाही.