रेकॉर्डवरचं नाव

सलमाताईंचं नाव आधी लिहितो. मंचरला बसस्टँडच्या मागं त्यांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मी बटाट्याच्या वखारीत हमाली करायचो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिथं जाऊन बसायचो. आठवीत शाळा सुटलेला माणूस मी. त्यांनी मला मराठी टाइप करायला शिकवलं. बसायला खुर्ची दिली. चुकलं की म्हणायच्या, "परत मारा, भाऊ." बस, एवढंच. मला 'तुम्ही' म्हणणारं ते पहिलं दुकान. त्यांच्यामुळं आज हे लिहितोय. चुकलंमाकलं असेल तर दोष माझा.

आता झालं ते.

जुन्नरमधला एक हॉल. पुढं पडदा. पडद्यावर मी लिहिलेलं पान. सर म्हणाले, "हे कुणाचं काम? उभा राहा जरा."

मी उभा राहिलो.

"शिक्षण?"

"आठवी, सर."

"तरीच."

हॉल हसला. माझी मान आपोआप खाली गेली. ती सवय आहे तिला.

कसलं पान ते सांगतो. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतल्या गावांची माहिती लिहायला काही शिकल्यासवरल्या माणसांनी एक विकी काढला. विकी म्हणजे इंटरनेटवरची अशी जागा, जिथं कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. सर त्याचे प्रमुख. मी तोवर पार तमिळनाडूत गेलो होतो, वेल्डिंगच्या कामाला. तिथं मराठी शब्द कानावर पडत नाही. सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर हा विकी वाचत बसायचो. पिंपळवंडी वाचायचो, खोडद वाचायचो. घरी गेल्यासारखं वाटायचं. सलमाताईंनी फोनवर सांगून सांगून मला खातं उघडून दिलं. बरोबरच्या दोन खुणा दोन्हीकडं टाकल्या की मथळा होतो, चांदणी टाकली की यादीतला ठिपका होतो, हे त्यांनीच शिकवलं.

मग मी नियमांचं पान वाचलं. चार-पाच वेळा वाचलं. माणसाचं, जागेचं नाव रेकॉर्डवर असेल तसं लिहावं. मागं-पुढं मानाचा शब्द लावू नये. साहेब नाही, राव नाही, श्रीमंत नाही.

मला रडू आलं. कारखान्याच्या शेडमागं बसून रडलो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा असा नियम बघितला, की ज्यात कुणीच साहेब नव्हतं.

मग मी कामालाच लागलो. एकेका गावाचं पान उघडायचं आणि साहेब काढायचा. आमच्या गावच्या जुन्या सरपंचांचं पान होतं, 'तात्यासाहेब' नावाचं. शाळेच्या दगडी पाटीवर त्यांचं खरं नाव कोरलेलं आहे. दगडू. मी तिथं 'दगडू' केलं, गावाकडून पाटीचा फोटो मागवून लावला. माझ्या मनात वाकडं नव्हतं. नियम होता.

आणि आमच्या वस्तीचं पान नवीन काढलं. 'पंचशीलनगर'. धर्मांतरानंतर गावच्या विहिरीवर आमचं पाणी तोडलं, तेव्हा वस्तीनं स्वतःची विहीर खणली. खणणाऱ्या अकरा माणसांची नावं मी ठिपके टाकून लिहिली. अकरावं नाव ठकू. माझी आई. तेव्हा पोर होती, डोक्यावरून मुरूम वाहायची. गाव तिला आजही ठकी म्हणतं. फोनवर तिला यादी वाचून दाखवली.

"माजं नाव सरकारात गेलं का रं?"

"सरकारात न्हाई, आये. लोकांच्यात गेलं."

ती म्हणाली, "परत वाच."

सुट्टीवर आलो तर सरांचा निरोप. विकी लिहिणाऱ्यांची बैठक आहे, ये. मला वाटलं शाबासकी देतील. इस्त्रीचा शर्ट घातला. सलमाताईंना सोबत नेलं.

आणि उभा राहिलो, मघाशी सांगितलं तसा.

तात्यासाहेबांचा नातू पुढच्याच खुर्चीत होता. म्हणाला, "आमच्या आजोबांना अख्ख्या तालुक्यात कुणी नावानं हाक मारली न्हाई, राव. अन् ह्यो आला दगडू करायला."

मी म्हणालो, "नियम हाय ना, सर. तुमीच लिवलाय."

"नियम नियमाच्या जागी. लोकांच्या भावना असतात." सरांनी माऊस सरकवला. आमच्या वस्तीचं पान पडद्यावर आलं. "आता हे बघ. रेकॉर्डवर या जागेचं नाव काय?"

मला माहीत होतं. सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यावर, मतदार यादीवर तेच आहे. महारवाडा. नियम मी एकाच ठिकाणी मोडला होता, आणि जाणूनबुजून मोडला होता. ते नाव टाइप करायला माझं बोट वळलंच नव्हतं.

"बोल की."

मग सरांनीच सगळ्यांदेखत ते टाइप केलं. पानाचं नाव बदललं. मोठ्या अक्षरात पडद्यावर आलं ते. मग पान खाली सरकवलं. "ही यादी कशाला? संदर्भ नाही." अकरा नावं निवडली आणि एक बटण दाबलं. विहीर राहिली. खणणारे गेले.

"आमच्या बी भावना हायत, सर," मी म्हणालो.

मागून कुणीतरी बोललं, "आता ह्यांच्या भावनांचंबी पान काढा." पुन्हा हशा.

सरांनी कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. "दगडूचं तात्यासाहेब तूच कर. आणि चर्चापानावर माफी लिही. विषय संपला."

माझी मान वर झाली. कशी झाली, मलाही कळलं नाही.

"माझ्या हातानं व्हनार न्हाई."

"काय?"

"साहेब लावायचा तर समद्यांना लावा. माज्या आईला बी लावा. न्हाईतर कुनालाच नको."

या खेपेला कुणी हसलं नाही. सलमाताई उठल्या, माझी पिशवी उचलली, म्हणाल्या, "चला, भाऊ."

पुढं काय झालं? काहीच नाही. मी चर्चापानावर, म्हणजे पानाबद्दलचे वाद मांडायच्या जागी, माझी बाजू लिहिली. तिथं सहमतीनं ठरतं. सहमती म्हणजे त्याच हॉलमधली माणसं. माझ्या बाजूनं एकच सही पडली, सलमाताईंची, पूर्ण नावानिशी. माझं खातं बंद केलं. वस्तीच्या पानाला कुलूप लावलं, कुणाला बदलता येऊ नये म्हणून. सरांच्या मंडळाच्या पत्रिका सलमाताईंकडं टाइप व्हायच्या, त्याही थांबल्या. हे त्यांनी मला सांगितलं नाही. तिसऱ्याकडून कळलं.

आई फोनवर विचारते, "माजं नाव हाय का रं जाग्यावर?"

"हाय," म्हणतो. खोटं बोलतो.

वस्तीचं नाव रेकॉर्डवर बदलावं म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. 'पुढच्या सभेत बघू' म्हणतात. दोन सुट्ट्या अशाच गेल्या. काही होईल असं मला वाटत नाही. खरंच वाटत नाही. पण अर्ज दर सुट्टीला देणार. पोच घेणार. आणि त्या हॉलमध्ये पुन्हा बोलावलं तर उभा राहणार नाही. खुर्ची ओढून बसणार आणि बसून बोलणार.

सलमाताई, तुमचे आजोबा जुन्नरला हातानं कागद करायचे. तुम्ही एकदा म्हणाला होता, "त्यांनी एवढा कागद केला, पण त्यावर त्यांचं नाव कुणी लिहिलं न्हाई." ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. सरांच्या विकीवर नसेल तर दुसरीकडं, आज नसेल तर कधीतरी, पण त्यांचं पान मी काढीन. तुम्ही सांगाल ते नाव लिहीन. आणि कुणी संदर्भ मागितला तर तुमचंच नाव देईन. पूर्ण नावानिशी.