सासूबाईंची साधी गाठ

दवाखान्यात नुसतं बसून राहिलं तरी किस्से साठत जातात, त्यासाठी जागचं उठावंही लागत नाही. माझ्या लग्नाला तीन महिने झाले. त्यातला एक सोलापूरच्या या वॉर्डात गेला.

सासूबाईंची उजवी कूस दुखत होती म्हणून सोनोग्राफी केली, मग सीटी स्कॅन. डॉक्टर म्हणाले, "उजव्या किडनीत चरबीची गाठ आहे. कॅन्सर नाही, साधी आहे. पण ती मोठ्या शिरेत शिरलीय. असं क्वचितच होतं. तिथला तुकडा सुटला तर थेट फुप्फुसात जाईल. किडनीसकट अख्खी काढावी लागेल."

मामंजी म्हणाले, "साधी म्हणताय, आन् किडनी काढताय?"

डॉक्टरांनी चौथ्यांदा चित्र काढलं.

*

चरबी म्हटल्यावर सासूबाईंनी स्वतःच इलाज सुरू केला. धावपळ करू नका असं बजावलेलं असताना पदर खोचून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या. "वितळंल की जरा."

मी सिस्टरना सांगितलं. दोन दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही फारशी बोलत नसल्याने कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

केस दुर्मिळ, म्हणून शिकाऊ डॉक्टर रोज घोळक्याने येत. एकाने डावीकडे दाबून बघितलं.

"उजवी हाय बाळा," सासूबाई म्हणाल्या. "फॅटी. शिरंत गेलीया. लिहून घे."

*

नवऱ्याच्या आत्या मंगळवेढ्याहून भेटायला आल्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "लग्नापतोर धडधाकट होती की ही."

सासूबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "गाठ धा वर्सांची असंल म्हणत्यात डॉक्टर. तवा ही शाळंत होती."

आत्यांनी केळं सोलायला घेतलं.

*

ऑपरेशनला सकाळी नेलं, दुपार उलटून गेली. काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवायची इथली पद्धत आहे. सर्जन ट्रे घेऊन बाहेर आले. "पेशंट ठीक आहेत. बघून घ्या."

नवरा ट्रे बघूनच खाली बसला. मामंजींनी डोळे मिटून घेतले. लग्नापासून ते मला काही सांगायचं तर सासूबाईंमार्फत सांगत.

"सूनबाई, तू बघ. अख्खी हाय का?"

किडनीसकट पिवळी, ओलसर गाठ. शिरेत शिरलेलं तिचं बोटाएवढं शेपूट. टोक गोल, गुळगुळीत, कुठे तुटलेलं नाही.

"अख्खी आहे, मामंजी."

"परत बघ."

मी परत बघितलं.