कंद काढायची काठी

मंडळी, आज दुपारी मी आणि माझा दोस्त इम्रान, दोघांनी मिळून एक काठी बनवली. रविवारी माझ्या गावी करांदे काढायला जायचंय, म्हणजे जमिनीतले कंद. रे रोडच्या वखारीतून बाभळीचा दांडका आणला, एक टोक तासलं आणि कडक व्हावं म्हणून गॅसवर शेकलं. आई ओरडली, "भरताचं वांगं आहे काय रे ते?"

संध्याकाळी काठी खांद्यावर टाकून आम्ही लालबाग नाक्यावर चहाला निघालो. वाटेत आमच्या चाळीतल्या एका काकांनी अडवलं.

"भाला घेऊन कुठे रे?"

"कंद काढायला, काका."

"आयला, मला ऐकू आलं कांड करायला!"

तिघंही खदखदून हसलो. मग काकांनी इम्रानला नाव विचारलं. त्याने सांगितलं आणि काकांचं हसू गेलं. मला म्हणाले, "ती काठी आधी घरी ठेव. दिवस बरे नाहीत."

"काका, काठी माझी आहे."

"कळलं रे. ठेव."

इम्रान चहा न पिताच निघाला. "गावाला तूच जा यार. तिथेही नाव विचारतीलच ना."

त्याला फोन करायचाय. "तिथे असं होणार नाही" हे अख्ख्या गावाच्या वतीने मी कसं सांगू? तुम्ही सांगितलं असतं?