करड्या बगळ्याचा तिसरा मालक

निशिकांत टिपणीसला बिअरच्या नुसत्या वासानेही शिंका येतात. असा माणूस सिंगापुरातल्या पासिर रिसमधल्या ‘ग्रे हेरन’, म्हणजे करडा बगळा, या इंग्लिश पबचा मालक कसा झाला, हे त्याच्या बायकोला, मीनलला, अजूनही कुणाला नीट समजावून सांगता येत नाही.

तो चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत कंप्लायन्स मॅनेजर होता. म्हणजे इतरांनी नियम पाळलेत की नाही हे बघायचं, आणि पाळले नसले तर हात धुऊन त्यांच्या मागे लागायचं. हे काम त्याच्या स्वभावाला इतकं चपखल बसलं होतं, की पाहुण्यांनी घरात भलत्याच डब्यात कचरा टाकला, तर हा जेवणावरून उठून तो योग्य डब्यात टाकायचा. बुधवारी मात्र ऑफिस सुटलं की तो घराजवळच्या ग्रे हेरनमध्ये जायचा, कारण बुधवारी तिथे क्विझ असायची. लोक बिअर प्यायचे, हा लाइम ज्यूस पीत जगाच्या राजधान्या सांगायचा, आणि शिंकत शिंकत जिंकायचा. मीनलने त्या जागेचं नाव ‘बगळा’ ठेवलं होतं.

बगळ्याची मालकीण होती डोरिस लिम. सत्तरी ओलांडलेली, केस खांद्यापर्यंत कापलेली, आवाज असा की बारच्या मागून हाक मारली तर बसस्टॉपवरचा माणूस वळून बघेल. तिचा नवरा टेरेन्स हा पबचा पहिला मालक. इंग्लंडमधल्या हल बंदरातून तो इथल्या गोदीत जहाजं दुरुस्त करायला आला आणि इथलाच झाला. तो वारल्यावर डोरिसने एकटीने पब सांभाळला.

एके दिवशी बँकेने निशिकांतचा अख्खा विभाग दुसऱ्या देशात हलवला. माणसं मात्र इथेच राहिली, नोकरीशिवाय. त्या बुधवारी तो क्विझमध्ये मंगोलियाची राजधानी चुकला. डोरिसने ते बरोबर हेरलं.

"निशी, माझे गुडघे संपले," ती म्हणाली. "हा पब तू घे."

"मी? अहो, मी पीतसुद्धा नाही!"

"म्हणून तर तुला विचारतेय. पिणाऱ्याच्या हाती पब देणं म्हणजे मांजरीला मासळीबाजार आंदण देणं. नाही म्हणालास तर इथे उद्या बबल टीचं दुकान येईल."

निशिकांतने घरी जाऊन विषय काढला, तेव्हा मीनल फोडणी देत होती. तिने गॅस बंद केला.

"दारूचा गुत्ता?"

"इंग्लिश पब आहे गं. तिथे मालकाला लँडलॉर्ड म्हणतात. मान असतो त्याला."

"आणि आईला काय सांगू? जावई गुत्ता चालवतात?"

पण नवरा घरात बसून मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावायला लागला, तेव्हा तिनेच एका सकाळी सांगितलं, "घे बाबा तो बगळा." डोंबिवलीला फोन करताना तिने एकच वाक्य सांगितलं, "आई, हे लँडलॉर्ड झाले." आईने संध्याकाळच्या आत सगळ्या सोसायटीत पेढे वाटले. जावयाची सिंगापुरात मोठी इस्टेट झाली अशी तिची समजूत झाली, आणि ती मोडायचं धाडस कुणाला झालं नाही.

पब हातात आला आणि निशिकांतची झोप उडाली. दारूमुळे नव्हे, भिंतींमुळे. दारावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘सन १७४२ पासून’. बारवरच्या जाड काळ्या तुळईखाली पितळी पाटी होती, की हे लाकूड ब्रिटिश आरमाराच्या एका लढाऊ जहाजाचं आहे. कोपऱ्यातल्या खुर्चीत म्हणे एक ड्यूक तीन पेले रिचवून घोरत पडला होता. इतकी वर्षं निशिकांतने या पाट्या ग्राहक म्हणून कौतुकाने वाचल्या होत्या. आता मालक म्हणून तो त्या पुन्हा पुन्हा वाचू लागला. पासिर रिसचे ब्लॉक उभे राहत होते तेव्हा, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली, हा पब उघडला, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणजे सगळ्या लोणकढ्या थापा! आणि त्यांना जबाबदार इसम आता तो स्वतः.

महिन्याभरात त्याने सगळ्या पाट्या उतरवल्या. दारावर नवीन पाटी लागली, ‘सन १९८८ पासून’.

पहिला भडका केल्विन टॅनचा उडाला. केल्विन टॅक्सी चालवायचा आणि ड्यूटी संपली की रोज यायचा.

"बॉस, मी किती वर्षं विमानतळावरून येणाऱ्या पॅसेंजरांना सतराशे बेचाळीस सांगतोय. आता मी खोटारडा ठरलो की नाही?"

"पण ते खोटंच होतं, केल्विन."

"होतं ना. पण छान होतं!"

टूरिस्ट फोटो काढेनासे झाले. ड्यूकची खुर्ची नुसती खुर्ची झाली आणि तिच्यावर लोक पिशव्या ठेवायला लागले. क्विझलाही टेबलं रिकामी राहू लागली. आपण बरोबर आहोत याबद्दल निशिकांतला तिळमात्र शंका नव्हती. फक्त बरोबर असण्यात मजा वाटेनाशी झाली होती.

आणि मग एका दुपारी डोरिस काठी टेकत आली. दारावरची पाटी तिने वाचली. आत येऊन तुळईखालची रिकामी जागा पाहिली. तिच्या मेलेल्या नवऱ्याची आठवण आपण स्क्रूड्रायव्हरने उपटून काढली, असं निशिकांतला एकदम वाटलं.

"डोरिस आंटी, माफ करा. टेरेन्स अंकलना दुखवायचं नव्हतं. पण इतकं खोटं..."

"टेरेन्स?" डोरिस त्याच्याकडे बघतच राहिली, आणि मग इतकी हसली की तिला बसावं लागलं. "अरे, तो बिचारा खोटं बोलला की घामाघूम व्हायचा. थापा सगळ्या माझ्या!"

केल्विन हातातला ग्लास घेऊन जवळ सरकला.

"तुळई जहाजाची नाही, एवढं शोधलंस," डोरिस म्हणाली. "मग कुठली आहे?"

"माहीत नाही."

"खोटं काढलंस आणि भिंत मोकळी ठेवलीस. खरं कोण लावणार?"

मग तिने तुळईचं खरं घर सांगितलं. तिचे वडील, लिम बून हॉक, यांचं इथल्याच समुद्रात केलाँग होतं. खोल पाण्यात खांब रोवून बांधलेलं मासे पकडायचं लाकडी मचाण. काळ बदलला, मासे कमी झाले, वडिलांनी ते मोडायला काढलं. टेरेन्स स्वस्तात लाकूड मिळेल म्हणून होडीतून तिथे आला. लाकूड बघितलं, डोरिसने केलेली चिंच घातलेली माशांची आमटी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाकूड बघायला आला. असा तो लाकूड बघायला वर्षभर येत होता.

"पब उघडला त्या दिवशी एका साहेबाने विचारलं, तुळई कुठली? टेरेन्स अभिमानाने सांगणार, तेवढ्यात मीच म्हटलं, लढाऊ जहाजाची! मला लाज वाटली रे. सुटाबुटातली माणसं, आणि माझ्या घराला मासळीचा वास. एक थाप मारली, मग तिला सोबत म्हणून दुसरी."

"आणि सतराशे बेचाळीस?" निशिकांतने विचारलं. त्याच्यातला तपासनीस अजून जिवंत होता.

"तो आमच्या बाबांचा फोर-डीचा, चार आकडी लॉटरीचा नंबर. तो लागला, आणि त्या पैशांतून हा बार बनला."

केल्विनने ग्लास खाली ठेवला आणि लॉटरीच्या दुकानाकडे धावला.

पुढच्या बुधवारी निशिकांतने क्विझ रद्द केली आणि डोरिसला ड्यूकच्या खुर्चीत बसवलं. केल्विनने अर्ध्या शहराला बातमी पोचवली होती. मीनलसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदाच बगळ्यात पाऊल टाकून, पर्स घट्ट धरून, दाराजवळ उभी राहिली. डोरिसने वडिलांचं केलाँग सांगितलं, वादळात हललेलं मचाण सांगितलं, टेरेन्सने पहिल्यांदा हाताने मासा खाताना गिळलेला काटा सांगितला. मध्येच वडिलांनी शार्क पकडल्याचं तिने सांगितलं, तेव्हा निशिकांतने हळूच भुवई वर केली.

"बरं, शार्क नव्हता," ती म्हणाली. "पण मोठा होता!"

लोक टेबलं बडवून हसले. निशिकांतने मान खाली घातली, कारण त्याचे डोळे भरून आले होते, आणि मालकाने बारवर रडलं तर बरं दिसत नाही.

आता तुळईखाली लिम बून हॉक यांच्या नावाची पाटी आहे. दारावर १७४२ हा आकडा पुन्हा लागला आहे, पण ‘सन’ आणि ‘पासून’ हे शब्द निशिकांतने लावू दिलेले नाहीत. आकडा खरा आहे, अर्थ ज्याचा त्याने लावावा, असं तो म्हणतो. केल्विनसकट साऱ्यांनी त्या आठवड्यात तो नंबर खेळला. कुणालाही काही लागलं नाही.

त्या बुधवारी रात्री मीनल मात्र डोरिसच्या शेजारी जाऊन बसली होती. माशाला चिंच की कोकम, यावर दोघींचं असं जुंपलं, की निशिकांतला दोनदा दिवे लावून-बंद करून पब बंद झाल्याचं सांगावं लागलं. वाद मिटला नाही. म्हणून गुरुवारी दोघी बगळ्याच्या स्वयंपाकघरात येतात, एक चिंच घेऊन, एक कोकम घेऊन, आणि त्या दिवशी फिश अँड चिप्स कुणी मागत नाही.