उसाच्या फोटोतला जोड

निपाणीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा गेल्यावर तो मीच चालवते. शिक्षण चौथीपर्यंत, पण फोटो जोडण्यात मी कुणाला हार जात नाही. एका फोटोत न मावणारं रान मी चार फोटोंत घेते आणि कंप्युटरवर एक करते. प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोचा थोडा भाग पुन्हा यावा लागतो, जोड तिथंच बसतो. गावात त्याला लांब फोटो म्हणतात.

खरं काम रंगाचं. मध्येच ढग आला की पुढचा फोटो निळसर पडतो. नवशिके आभाळाला आभाळ जुळवायला जातात आणि फसतात. मी दोन्ही फोटोंत आलेली, न हलणारी वस्तू धरून रंग जुळवते.

मागच्या उन्हाळ्यात संकेश्वरजवळच्या गावातले एक म्हातारे शेतकरी आले. रान दोन पोरांत वाटून दिलेलं, पण भिंतीवर त्यांना सगळं एकत्र पाहिजे होतं. गुडघ्यांमुळे रानात जाणं बंद झालेलं. धाकटा बेळगावात नोकरीला. त्याच्या वाटणीचा ऊसही थोरलाच बघायचा. विहीर दोघांत एकच.

मी माळावरून फोटो काढले. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीला चुना लावलेला होता, ती दोन फोटोंत आली. आधी तो चुना जुळवला, मग बाकीचं बसत गेलं.

फोटो न्यायला म्हातारे आले, सोबत थोरला. टेबलावर फोटो पसरल्याबरोबर थोरल्यानं बोट ठेवलं.

"आक्का, हितं जोड दिसतोय. अलीकडं हिरवं, पलीकडं पिवळं. रंग जुळला न्हाय तुमचा."

"त्यो जोड न्हवं, तुमच्या वाटणीचा बांध हाय."

"असं कसं? क्यामेऱ्याचा दोष असंल."

दोष काढल्यावर मी गप्प बसणारी नाही. कंप्युटरवर मूळ फोटो उघडला. बांध एकाच फोटोच्या मधोमध होता. एकाच उन्हात अलीकडचा ऊस गर्द हिरवा, पलीकडचा वाळायला लागलेला. माझा जोड तिथून लांब, मोटारीच्या खोलीपाशी.

"मग सारखं करून टाका की," थोरला म्हणाला. "कंप्युटरला किती वेळ लागतोय?"

म्हाताऱ्यांनी फोटो उचलून दारातल्या उजेडात नेला.

"पलीकडं धाकट्याच्या उसाला पाणी सोडतोस का न्हाय रं?"

"सोडतोय की आप्पा. करंटच टिकंना झालाय."

"करंट बांधापतूरच येतोय व्हय?"

म्हातारे मला म्हणाले, "आक्का, ह्यात कायबी बदलू नका. असाच आणखी एक काढा, बेळगावला धाडायचा हाय."

"त्याला कशाला आप्पा? घरातलं घरात बघू."

"घरातच धाडतोय न्हवं? त्यो काय परका हाय?"

मी दुसरा फोटो छापायला लावला. म्हातारे बाकावर बसले तसा थोरला माझ्याजवळ सरकला.

"आक्का, पंधरा दिसांनी परत काढायला येशीला?"

"ऊस पंधरा दिसांत हिरवा होत न्हाय," मी म्हणाले. "आजपासनं पाणी सोड. पावसाळा सरला की फोन कर, मग बघू."

छापलेला फोटो वाळल्यावर मी दोन्हींची एक गुंडाळी करून दिली. थोरल्यानं हात पुढं केला. म्हाताऱ्यांनी ती आपल्याच काखेत धरली आणि कठड्याचा आधार घेत पायऱ्या उतरले.