लाल दिवा आन् मपला नंबर

पैज लावा. ह्याचा शेवट तुमच्यातल्या एकालाबी सांगता यायचा नाय. सांगितला तर चहा मपल्याकडून!

आमचा टॅक्सी स्टँड दौलताबादच्या किल्ल्याखाली. गाड्या नंबरानं लागत्यात. नंबर येईस्तवर करायचं काय? बसायचं आन् एकमेकाची उतरवायची. म्हणून आमच्याकडं गिऱ्हाईक कमी, किस्से ढीगभर. हे सगळे मपल्या गाडीच्या एका लाल दिव्याचे.

* * *

पुण्याच्या एका मॅडमला वेरूळला घेऊन चाललो व्हतो. घाट चढताना समोर बॅटरीचं लाल चित्र पेटलं. मॅडमची नजर लई तेज.

"काका, ते लाल काय पेटलं?"

"देवाचा दिवा हाय, मॅडम. चढ लागला की पेटतो."

बाईनं चप्पल काढून हात जोडले! वर विचारलं, "अखंड असतो का हो?"

म्हणलं, "आतापासून तसंच दिसतंय."

* * *

सुदाम आमचा अध्यक्ष. कोणी केला विचारू नका, त्यानंच केला. त्यानं खिडकीतून मुंडकं आत घातलं.

"नाना, दिवा पेटल्याली गाडी स्टँडवर चालायची नाय. गिऱ्हाईक रस्त्यात अडकलं तर नाव आमचं जातं. सोमवारपर्यंत विझव, नायतर तुपला नंबर कट."

आता ह्यातली गोम सगळ्या स्टँडला ठाऊक. त्याच्या मेहुण्यानं नवी कोरी गाडी घेतल्याली. आन् जुना एक गेल्याबिगर आमच्यात नवा नंबर मिळत नाय!

ह्या नंबरावर दोन पोरींची लग्नं केली म्या. असा सोडीन व्हय?

"सुदाम्या," म्हणलं, "दिवा विझंल. मी नाय!"

* * *

तवर भाडं तर मारायचं. मंडळीची एक मोठी टिकली उचलली आन् दिव्यावर चिटकवली. अशी बसली, जशी कंपनीनंच लावली!

सुदाम डोकावला. "विझला?"

"विझला."

तेवढ्यात मंडळी डबा घेऊन आली. पुढच्या शिटावर टेकली आन् ओरडली, "अवं, ही टिकली कोणाची? कोण बसलं व्हतं इथं?"

सगळ्या स्टँडनं कान टवकारले.

"तुपलीच हाय गं!"

"मपली इथं काय करती?" आन् नखानं उपटली. लाल दिवा भकभक तोंडावर! सुदाम पोट धरून हासायला लागला.

मंडळीनं एकदा दिव्याकडं बघितलं, एकदा सुदामकडं. टिकली परत जाग्यावर दाबून बसवली.

"काय झालं हासायला, अध्यक्ष? आमची गाडी सवाष्ण हाय!"

* * *

रज्जाकभाई आमचा वायरिंगवाला. दोस्त जुना, बढाया त्याच्याहून जुन्या. सवताची स्कूटर रोज धक्क्यावर.

"दो मिनट का काम है, नाना. बैटरी गई."

दुकानातली दुसरी बॅटरी लावून बघितली. दिवा तसाच.

"हौ, तो पट्टा हुइंगा."

डायनामो फिरवायचा नवा पट्टा टाकला. दिवा तसाच! असं करता करता दोन दिवस गेले. मंग गड्यानं खणातून मीटर काढला. बंद गाडीत बारा व्होल्टच्या वर दाखवत व्हता. चालू केल्यावर चौदाला जायला पायजे. काटा जाग्यावरून हालंना.

"नाना, बैटरी बेचारी क्या करींगी? उसकू खानाच नै मिलरा!"

डायनामोच चार्ज देत नव्हता. खोलला, तर आतले कार्बन झिजून डाळीएवढे. नवे टाकले, गाडी मारली, दिवा गुल! बॅटरी बी आपली जुनीच ऱ्हायली.

"बोल्या था ना, दो मिनट?"

"मंग मीटर पहिल्या दिवशीच का नाय लावला रं?"

"मीटर उनों लगाते नाना, जिनकू कुछ समझता नै."

* * *

सोमवारी गेलो, तर मपल्या जाग्याशेजारी मेहुण्याची नवी गाडी उभी. पुढं झेंडूचा हार. म्या रज्जाकभाईला साक्षीला घेतलं व्हतं.

किल्ली फिरवली, दिवा पेटला. इंजिन चालू केलं, विझला.

सुदामनं दिव्याची काच नखानं खरवडून बघितली. काय निघंना.

"वायर तोडली आसंल."

"तोडली आसती तर किल्लीला पेटला कसा?"

"मला नको शिकवू. चालू गाडीत बॅटरीची वायर काढ. गाडी चालू ऱ्हायली तर डायनामो चांगला. तरच नंबर."

रज्जाकभाईनं तोंड उघडलं. म्या त्याच्या पायावर पाय दिला.

"काढतो की," म्हणलं. "पर मान अध्यक्षाच्या घरचा. पहिली मेहुण्याची गाडी, मंग मपली. का नव्या गाडीचा भरवसा नाय?"

"व्हऊन जाऊ द्या, अध्यक्ष!" सगळा स्टँड ओरडला.

मेहुणा म्हणतो, "दाजी, नको..."

"गप रं! कालची गाडी हाय, भेतो काय?"

सुदामनं बाह्या वर केल्या, बॉनेट उघडलं आन् चालू गाडीत वायर उपटली.

टक्!

गाडीतलं गाणं बंद. पुढचा पडदा काळा. इंजिन गप. वायर परत लावली, किल्ली फिरवली, पर गाडी हूं नाय का चूं नाय. "नई गाडी का कम्प्यूटर जल गया!" म्हणत रज्जाकभाई कपाळ धरून खालीच बसला. कंपनीच्या वर्कशॉपला फोन लावला, तर म्हणले हात लावू नका, टोचन करून शेंद्र्याला आणा.

आता ओढायला गाडी पायजे. स्टँडवरून जायचं म्हणजे नंबरानं. पहिला नंबर कोणाचा? सगळे मपल्याकडं बघायला लागले.

सुदाम मपल्या शेजारी बसला, तोंड खिडकीकडं करून. मागं दोरीला मेहुण्याची गाडी, हारासकट.

शेंद्र्यात उतरून त्यानं पाकीट काढलं.

"किती व्हत्यात, नाना?"

"रेट तूच ठरवल्याला हाय. जाऊन-येऊन पंधराशे. टोचनचे पाचशे अलग."

दिले.