रखमाजींची पहार

रखमाजी पालीचे. आमची ओळख १९३१ साली भोरच्या दवाखान्यात झाली. विषमज्वराने आम्ही शेजारशेजारच्या खाटांवर होतो. मी शाळकरी, ते चाळिशीचे. डॉक्टर रोज नाडी पाहत आणि म्हणत, "गेटिंग बेटर."

"म्हंजी काय, मास्तर?" त्यांनी मला विचारलं.

"थोडं थोडं बरं होतंय. कालच्यापेक्षा."

"लई खरं बोलतोय गडी," ते म्हणाले. ते दोन शब्द त्यांनी घरी नेले.

त्याच वर्षी त्यांना संस्थानाकडून राजगडाखालचा एक उतार कसायला मिळाला होता. मोजणीच्या दिवशी शिपायाने पहार मारली. खणकन आवाज आला. कागदावर 'खडक' लिहिलं गेलं. अट एकच होती. सात वर्षांत जमीन पिकाजोगी करा, नाहीतर परत द्या.

रखमाजींनी उताराला दगडाची ताल, म्हणजे आडवा बांध, घातली. दर पावसात डोंगराची माती वाहून येई आणि तालीमागे साचे. दर उन्हाळ्यात ते ताल वीतभर उंच करत. दिवाळीला पहार मारून कान देत.

"काय रखमाजी, दगडं पिकली का?" गाव विचारी.

"गेटिंग बेटर!"

"ह्यास्नी इंग्रजी आलं," त्यांच्या पत्नी ठकुबाई म्हणत, "भात कवा येनार?"

"खडक बोलतोय तवर रोप जगायचं न्हाई," हे त्यांचं उत्तर.

मुदत १९३८ च्या वैशाखात संपत होती. मी तेव्हा नुकताच साहित्य घेऊन बी. ए. झालो होतो. जमीन परत घेऊ नये म्हणून त्यांच्यासाठी मी चार पानांचा इंग्रजी अर्ज लिहिला. शब्द निवडून निवडून.

जमीन तपासायला संस्थानाचे साहेब आले. सुकलेली, भेगाळलेली जमीन पाहून म्हणाले, "इथे तर काडी नाही. सात वर्षं काय केलंत?"

मी खिशात हात घातला. तेवढ्यात रखमाजींनी पहार साहेबांच्याच हातात दिली.

"मारा, सायेब. जोरात."

साहेबांनी मारली. आवाज झाला नाही. पहार हातभर आत गेली आणि तिथेच उभी राहिली. साहेबांनी जागा बदलली. दहा ठिकाणी मारली. दहाही ठिकाणी जमीन गप्प.

"सात वर्सं, सायेब," रखमाजी म्हणाले. "गेटिंग बेटर."

साहेब आधी दचकले. मग पोट धरून हसले. 'खडक' या शब्दावर त्यांनी रेघ मारली, वर 'भातखाचर' लिहिलं आणि खाली सही केली.

माझा अर्ज घामाने भिजून खिशातच राहिला.

कार्तिकात पालीला गेलो. ठकुबाईंनी नव्या भाताचं ताट माझ्यापुढे सरकवलं. मी पहिला घास घेतला. रखमाजी माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कसा हाय?"

मी दुसरा घास उचलला.

"जेवू द्या की त्यास्नी," ठकुबाई म्हणाल्या. "आन् आता तुमचं इंग्रजी बास. भात झाला."